नकाशातली मुंबई

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुंबईच्या सात बेटांचा नकाशा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. कधी शाळेच्या पुस्तकात, कधी दिनदर्शिकेवर, तर कधी एखाद्या उपाहारगृहाच्या भिंतीवर. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी सुटीसुटी बेटं, मध्ये निळं पाणी. खाली जुन्या वळणाच्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं असतं, कागद पिवळसर दाखवलेला असतो. पाहणाऱ्याला वाटतं, तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणी होडीत बसून मुंबई मोजली आणि हा नकाशा काढला.

तसं झालेलं नाही. तो नकाशा मागाहून केलेली मांडणी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मर्फी नावाच्या एका अभ्यासकाने मुंबईच्या जुन्या वस्त्यांचा, तिथल्या लोकांच्या चालीरीतींचा आणि जमिनीच्या उंचसखलपणाचा विचार करून असं मांडलं, की पूर्वी इथे एकाहून अधिक बेटं असली पाहिजेत. पुढे १९०९ च्या मुंबई गॅझेटिअरच्या काळापर्यंत हे चित्र पक्कं होत गेलं. इंग्रजांनी सुरुवातीला काढलेल्या नकाशांत मात्र मुंबई पुष्कळदा एकच बेट म्हणून दिसते आणि तिच्या पोटात भरतीला बुडणारी, ओहोटीला उघडी पडणारी जमीन असते. म्हणजे सात बेटं हे अभ्यासातून निघालेलं अनुमान आहे. त्यात तथ्य पुष्कळ आहे, पण तो त्या काळचा पुरावा नव्हे.

मी पवनानगरचा. भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली. वर्गात नकाशा टांगला की मुलं तो जसाच्या तसा खरा मानतात, आणि मोठी माणसंही तेच करतात. म्हणून जुन्या नकाशांबद्दल आणि जुन्या छापील चित्रांबद्दल बोलताना मला आधी हेच सांगावंसं वाटतं. नकाशा हातात आला की तीन प्रश्न विचारावेत. तो कुणी काढला? कुणासाठी काढला? आणि त्यात काय दाखवलेलं नाही?

नकाशावरून केवढा घोटाळा होऊ शकतो याचं उदाहरण मुंबईच्या जन्मकथेतच आहे. २३ जून १६६१ च्या तहानुसार पोर्तुगालच्या राजकन्येच्या, कॅथरिनच्या विवाहात मुंबई इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला मिळाली. पण मुंबई म्हणजे नेमकं काय? इंग्रज म्हणू लागले, साष्टी आणि ठाणंही त्यातच आलं. पोर्तुगीज म्हणाले, फक्त मुंबईचं बेट. हा वाद इतका चिघळला की प्रत्यक्ष ताबा मिळायला १६६५ साल उजाडलं, आणि तेव्हाही हाती आलं ते एवढंसं बेटच. १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. सीमा नकाशावर स्पष्ट नसली की भांडण ठरलेलं, हे बांधावरून भांडणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको!

पोर्तुगीजांनी आपल्या ठाण्यांचे आराखडे आधीच काढून घेतले होते. १६३५ च्या सुमारास तयार झालेल्या बोकारोच्या हस्तलिखितात वसईसारख्या किल्ल्यांची रंगवलेली चित्रं आहेत. ती छापण्यासाठी नव्हतीच, ती राजाच्या माहितीसाठी होती. छापील नकाशे नंतर आले. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य १६७० च्या दशकात इथे होता. तो जुन्नरपर्यंत जाऊन आला. त्याचं प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला छापलं गेलं आणि त्यात मुंबईचा नकाशा होता. फ्रेंच नौदलासाठी काम करणाऱ्या बेलँ याने १७६४ च्या आपल्या छोट्या सागरी नकाशासंग्रहात मुंबई घातली. त्याच सुमारास कार्स्टेन नीबूर हा डेन्मार्कच्या राजाने पाठवलेला संशोधक मुंबईत होता. त्यानेही आपल्या ग्रंथात मुंबईचा नकाशा दिला.

या नकाशांवर समुद्रात बारीक आकडे पेरलेले दिसतात. ते पाण्याची खोली सांगतात. आपल्याकडे खोली वावेने मोजत, तसंच त्यांचं माप सहा फुटांचं होतं. कुठे आकडे दाट आणि जमिनीवर जवळपास काहीच नाही, असा नकाशा दिसला की समजावं, हा खलाशासाठी आहे. जहाज कुठे नांगरायचं, खडक कुठे आहे, तोफेचा मारा कुठून होईल, एवढंच त्याला हवं होतं. बेटावर माणसं कशी राहतात याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

आता चित्रांकडे वळू. १७३२ च्या सुमारास लंडनमधल्या कंपनीच्या कचेरीत सहा मोठी तैलचित्रं लावण्यात आली. कंपनीच्या सहा ठाण्यांची ती चित्रं होती आणि त्यांत मुंबईही होती. लँबर्ट आणि स्कॉट या दोघा चित्रकारांनी ती मिळून काढली. दोघांपैकी कुणीही हिंदुस्थानात पाऊल ठेवलं नव्हतं! कुणी आणलेले आराखडे, कुणी सांगितलेलं वर्णन, यावरून त्यांनी किल्ला उभा केला आणि पुढे आपल्या सवयीची जहाजं काढली. १७५४ मध्ये यान व्हान राइन याने मुंबईसह अशाच ठाण्यांची चित्रं तांब्यावर कोरून छापली. तोही इकडे आलेला नसावा. पण छापील चित्र स्वस्त असतं, हातोहात फिरतं. त्यामुळे युरोपातल्या हजारो घरांत मुंबई म्हणून जी ओळखली गेली, ती बहुधा न पाहिलेल्या माणसाने काढलेली मुंबई होती.

प्रत्यक्ष येऊन चित्रं काढणाऱ्यांत जेम्स वेल्स हे नाव पुण्याच्या वाचकाला जवळचं वाटावं. हा स्कॉटलंडचा चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत उतरला. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने तो पुण्याला आला. सवाई माधवराव, नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांची आज आपण पाहतो ती व्यक्तिचित्रं त्याच्या हातची आहेत. लेण्यांची चित्रं काढण्याच्या नादात तो साष्टीत हिंडत होता, तिथेच १७९५ मध्ये त्याचा अंत झाला. मुंबई आणि परिसराची त्याची बारा दृश्यं त्याच्या मृत्यूनंतर, १८०० मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. टेकड्या, नारळीची बनं, समुद्राची आत शिरलेली जीभ, दूरवर किल्ला. गिरण्यांच्या आधीची मुंबई पाहायची असेल तर ती इथे सापडते.

याच मंडळींबरोबर पुण्याचा एक कलावंत काम करत होता, गंगाराम तांबट. वेरूळच्या लेण्यांची त्याने काढलेली रेखाटनं मॅलेटच्या संग्रहात होती. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. मॅलेट आणि वेल्स यांची नावं पुस्तकांत राहिली, गंगारामाचं नाव मात्र गेल्या काही दशकांत अभ्यासकांनी पुढे आणलं. जुन्या चित्राखाली डावीकडे चित्रकाराचं आणि उजवीकडे कोरणाऱ्याचं नाव असतं. ज्याने वाट दाखवली, मोजपट्टी धरली, आधीचं रेखाटन केलं, त्याला तिथे जागा नसते.

आपल्या मावळातला बोरघाटही या चित्रांतून सुटलेला नाही. कॅप्टन ग्रिंडले याने १८२६ ते १८३० या काळात पश्चिम हिंदुस्थानातल्या दृश्यांचा एक देखणा संग्रह काढला. बँकेमुळे ज्याचं नाव पुढे आपल्या कानांवर राहिलं, तोच हा ग्रिंडले. त्याच्या संग्रहात मुंबई बंदरावर चाल करून येणारा पावसाळा आहे, तसा बोरघाटही आहे. उंच कडे, धुकं, खाली कोकण. चित्र सुंदरच आहे. पण या वाटेचा इतिहास शेजारी ठेवून पाहा. १८०४ मध्ये तोफा चढाव्यात म्हणून इंग्रजांनी हा घाट दुरुस्त केला. १८१८ मध्ये लोहगड आणि विसापूर पडले. १८३० मध्ये घाटातून गाड्यांचा रस्ता झाला आणि १८६३ मध्ये आगगाडी चढली. निसर्गचित्र म्हणून ज्याची तारीफ झाली, ती एका सैन्याची वाट होती.

ही चित्रं छापत कशी, हे थोडक्यात सांगतो, कारण खरं-खोटं ओळखण्याची किल्ली त्यातच आहे. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. त्यावर टोकदार हत्याराने उलट चित्र कोरायचं. किंवा पत्र्यावर मेणासारखा थर देऊन सुईने रेघा ओढायच्या आणि पत्रा तेजाबात बुडवायचा, म्हणजे उघड्या रेघा खाल्ल्या जातात. मग शाई भरून वरची पुसून टाकायची आणि ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. खाचांतली शाई कागदावर येते. आभाळाची, पाण्याची फिकट छटा हवी असेल तर पत्र्यावर राळेची पूड बसवून तेजाब वापरत. रंग बहुधा नंतर हाताने भरत. हे कसब आपल्याकडेही आलं होतं. मॅलेटच्या प्रेरणेने पुण्यात एका तांबटाने भगवद्गीतेचे तांब्याचे ठसे कोरायला घेतले आणि पटवर्धनांच्या आश्रयाने ती गीता १८०५ मध्ये मिरजेला छापून झाली.

त्यानंतर शिळाछाप आला. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं आणि दगडावरूनच छापायचं. हे सोपं आणि स्वस्त होतं. गोन्साल्विस नावाच्या कलावंताची मुंबईची शिळाछाप दृश्यं १८२६ मध्ये निघाली. किल्ल्यातले रस्ते, चर्च, हिरवळ आणि त्यात हिंडणारी पालखी, बैलगाडी, भिस्ती. लंडनमध्ये बसून केलेल्या चित्रांच्या मानाने ही गल्लीतली मुंबई आहे. १८४२ पासून लंडनची सचित्र साप्ताहिकं निघू लागली, त्यांत लाकडी ठशांवरून छापलेली चित्रं असत. घाटातल्या रेल्वेची पुष्कळ जुनी चित्रं अशा साप्ताहिकांतून कापलेली आहेत.

बाजारात 'अस्सल जुना नकाशा' म्हणून काही दाखवलं तर काय पाहावं? एक, भिंग लावा. रंगाचे किंवा काळे ठिपके ओळीने मांडलेले दिसले, तर ती फोटोवरून केलेली अलीकडची छपाई आहे. कोरीव चित्रात अखंड रेघा दिसतात आणि शाई बोटाला किंचित उंच लागते. दोन, कडेला पत्र्याच्या दाबाची चौकट उमटलेली आहे का ते पाहा. समास कापून टाकला असेल तर ती दिसणार नाही. तीन, कागद उजेडासमोर धरा. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या हातकागदात जाळीच्या तारांच्या समांतर रेषा दिसतात. त्यानंतर हळूहळू एकसारखा कागद आला, त्यात कधी कारखान्याचं नाव आणि साल पाणखुणेत उमटलेलं असतं. चित्रावरच्या सालापेक्षा पाणखुणेतलं साल पुढचं निघालं, तर प्रत नंतरची. चार, मधोमध घडी आहे का? असेल तर तो बहुधा पुस्तकातून काढलेला आहे.

हा शेवटचा मुद्दा मला फार लागतो. अखंड जुन्या ग्रंथापेक्षा त्यातले नकाशे आणि चित्रं सुटी विकून जास्त पैसे मिळतात, म्हणून जगभर चांगली पुस्तकं फाडली गेली. नकाशा चौकटीत जातो आणि लेखकाने त्याबद्दल लिहिलेली पानं रद्दीत. मग तो नकाशा कुणी आणि कशासाठी काढला, या प्रश्नांची उत्तरंही त्याबरोबर जातात. भिंतीसाठी चित्र हवं असेल, तर उत्तम नक्कल घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

खलाशांचे नकाशे आणि शोभेची दृश्यं यांच्यानंतर मुंबईत तिसऱ्या प्रकारचे नकाशे आले, जमीन मोजणारे. कॅप्टन डिकिन्सन याने १८११ पासून सोळा वर्षं मुंबई मोजली. त्याच्या मोजणीवरून टेट याने १८२७ मध्ये नकाशा तयार केला. हेतू साधा होता. कुणाकडे किती जमीन आणि सरकारला सारा किती? त्यामुळे या नकाशांत शेतं, वाड्या, तलाव, खाजणं सगळं येतं. पुढे १८६५ ते १८७२ या काळात लॉटन याने शहराची इतकी बारीक मोजणी केली की एकेक घर दिसावं. किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली गेली, पण चर्चगेट हे नाव राहिलं. तिथे चर्चकडे जाणारा दरवाजा होता, हे जुना नकाशा पाहिल्यावरच उमगतं. गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचें वर्णन' १८६३ चं, म्हणजे याच मोडतोडीच्या काळातलं. नकाशा शेजारी उघडून ते वाचावं, मग दोन्ही बोलू लागतात.

या नकाशांची आज गरज काय, असं कुणी विचारील. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शेकडो माणसं गेली. मिठी नावाची नदी मुंबईत आहे, हे कित्येक मुंबईकरांना त्या दिवशी कळलं. विहार आणि पवईच्या तलावांचं पाणी घेऊन माहीमच्या खाडीला मिळणाऱ्या या नदीभोवती जुन्या नकाशांत रुंद खाजण दिसतं. वांद्रे, कुर्ला, शीव आणि धारावी यांच्यामध्ये भरतीचं पाणी पसरायला जागा होती. त्या जागेवर भराव पडला, इमारती आल्या, धावपट्टी आली. शहराच्या पोटातली कथा तशीच आहे. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधलं खिंडार बांध घालून बुजवलं गेलं, हे काम १७८० च्या दशकातलं मानतात. बांधामुळे आतली बुडीत जमीन वस्तीला मोकळी झाली. पण ती सखलच राहिली. पायधुणी, उमरखाडी ही नावं पाण्याची आहेत. जोराचा पाऊस आणि भरती एकदम आली की पाणी जिथे साचतं, त्यांतल्या कित्येक जागा दोनशे वर्षांपूर्वीच्या नकाशात बुडीत म्हणून दाखवलेल्या आहेत. घर घेताना आपण दलालाला दहा प्रश्न विचारतो. अकरावा प्रश्न जुन्या नकाशाला विचारावा.

आणि न दाखवलेल्याचं काय? मुंबईचे मूळ रहिवासी कोळी. शोभेच्या चित्रांत त्यांची होडी पुढे असते, कारण तिने चित्र खुलतं. पण जाळी वाळवायची जागा, होड्या ओढून ठेवायची जागा, मासळी सुकवायची जागा कित्येक नकाशांत मोकळी पुळण म्हणूनच दिसते. नकाशात मोकळी दिसलेली जागा पुढे कागदावरही मोकळीच ठरते. कोळीवाड्यांच्या सीमा आखून द्या, ही मागणी आपल्या काळापर्यंत का येऊन पोचली, याचं एक कारण इथे आहे.

हे मी पवनाकाठी बसून बोलतो आहे, तेव्हा घरची गोष्टही सांगितली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात शेतांची नवी मोजणी इंदापूरपासून १८३५ च्या सुमारास सुरू झाली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबारावर आपण आजही तेच माप वाचतो. त्या मोजणीतून गावोगावचे नकाशे तयार झाले. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी पवनेवर धरण झालं. पिंपरी-चिंचवडला त्याचं पाणी जातं. धरणात जी शिवारं गेली, त्यांचे बांध, विहिरी, पाणंदी आता नकाशातच उरल्या आहेत. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वाघेश्वराचं जुनं देऊळ उघडं पडतं, हौशी मंडळी तिकडे जातात. पण देवळाभोवती कुणाचं शेत कुठे होतं, हे सांगणारी माणसं आता थोडी राहिली. पुनर्वसनाचा प्रश्न पन्नास वर्षं रेंगाळला. अशा वेळी घरातला जीर्ण गावनकाशा, फाळणीचा कागद, पाटबंधाऱ्याची नोटीस ही रद्दी नसते. तुंग, तिकोना आणि लोहगड आपल्या जागी आहेत, त्यांना पुराव्याची गरज नाही. बुडालेल्या शेताला मात्र आहे.

म्हणून दोन सूचना करतो. घरी असे कागद असतील तर त्यांना प्लास्टिकचं आवरण गरम करून चिकटवून घेऊ नका. ते पुन्हा निघत नाही आणि कागद आत कुजतो. चिकटपट्टीही लावू नका, तिचे डाग जात नाहीत. घडी मोडून सपाट ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. आपल्या मावळच्या पावसात भिंतीची ओल चार महिने हटत नाही. कोरड्या, उन्हाच्या दिवशी कपाट उघडून हवा लागू द्या, कागदाला थेट ऊन नको. एक चांगला फोटो काढून घ्या आणि त्यावर गाव, साल, कुणाकडून आला हे लिहून ठेवा. नुसता नकाशा मुका असतो.

दुसरी सूचना पाहण्याची. मुंबईला गेलात तर भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय मुलांना दाखवा. अभ्यास करायचा असेल तर एशियाटिक सोसायटी आणि राज्य पुराभिलेखागार आहेत. पुण्यात पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. परदेशी ग्रंथालयांनी आपले कित्येक जुने नकाशे आता संगणकावर पाहायला मोकळे केले आहेत. मुलाला शेजारी बसवा, मुंबईचा एक जुना आणि एक आजचा नकाशा समोर ठेवा आणि त्याला पाणी कुठे कुठे होतं ते शोधायला सांगा. मग आपल्या गावाचा नकाशा काढा आणि त्याला ओढा दाखवायला सांगा.